स्टान्स घेण्याआधी

गोल्फमध्ये खेळाडू लक्ष्याकडे तोंड करून उभा नसतो. तो नेमाच्या रेषेला बाजूने, आडवा उभा राहतो आणि मान वळवून लांबवर बघतो. त्यामुळे ‘मी सरळ उभा आहे’ ही त्याची खात्री बऱ्याचदा फसवी असते. 150 मीटरवर 5 अंशांचा फरक म्हणजे चेंडू 13 मीटर बाजूला. म्हणून ड्रायव्हिंग रेंजवर ज्याच्या त्याच्या पायांशी रंगीत काठ्या दिसतात, एक चेंडूच्या रेषेत आणि दुसरी पावलांपुढे, रेल्वेच्या रुळांसारख्या समांतर. रेंजवर त्या खुशाल वापराव्यात. फेरी सुरू झाली की मात्र काठी बॅगेतच राहिली पाहिजे. ती जवळ बाळगायला हरकत नाही; पण तिच्या मदतीने नुसता सरावाचा स्विंग केला तरी नियम 4.3 प्रमाणे पेनल्टी बसते, आणि पुन्हा केला तर खेळाडू स्पर्धेतून बाद होतो.

‘काठी नाही, पण क्लब ठेवला तर?’ रेफरी म्हणून हा प्रश्न मला फार ऐकावा लागतो, विशेषतः जुन्या सभासदांकडून. त्यांचंही चूक नाही. 2018 पर्यंत जमिनीवर क्लब आडवा ठेवायचा, त्याला पावलं जुळवायची आणि फटक्याआधी तो उचलायचा, हे नियमात बसत होतं. 2019च्या नियमावलीने ते बंद केलं. आता ठेवलेल्या वस्तूच्या आधाराने स्टान्स घेतला की चूक घडली. मग मागे सरा, क्लब उचला, काहीही करा. स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटके वाढतात, मॅच प्लेमध्ये तो होलच हातचा जातो.

मदत सगळीच वर्ज्य आहे असं मात्र नाही. जॅक निक्लॉस चेंडूच्या पुढे काही फुटांवरचा एखादा डाग किंवा पान हेरून त्यावर नेम धरत. ते पान तिथे कुणी ठेवलेलं नसतं, म्हणून नियमाला त्याचं काही वाटत नाही. डोळा खेळाडूचा, निवडही त्याचीच. या नियमामागचा विचार मला इथेच सापडतो: नेम धरणं हा खेळाचाच भाग आहे, तो दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

कॅडीबाबतचा नियमही त्यातूनच आला. पूर्वी, विशेषतः महिलांच्या व्यावसायिक स्पर्धांत, कॅडी मागे उभं राहून खेळाडूचे पाय-खांदे जुळवून देत आणि मग बाजूला होत. 2019 पासून खेळाडू स्टान्स घेऊ लागला की कॅडीने मुद्दाम त्या रेषेत मागे उभं राहायचं नाही.

पहिल्याच महिन्यात याचा चटका बसला तो चीनच्या ली हाओतोंगला. 27 जानेवारीला दुबईत, शेवटच्या दिवशी, अठराव्या ग्रीनवर त्याने छोटा पट टाकून बर्डी केली. स्टान्स घेताना कॅडी अजून मागून निघतच होता. दोन फटक्यांची पेनल्टी लागली आणि संयुक्त तिसरा असलेला ली संयुक्त बारावा झाला. इतक्या जवळच्या पटला कोण कसली दिशा दाखवणार? पण शब्द पाहिले तर पंचांना वाव नव्हता. पाठोपाठ फीनिक्सच्या स्पर्धेत डेनी मॅकार्थीला तीच पेनल्टी लागली आणि दुसऱ्या दिवशी मागे घेतली गेली. 6 फेब्रुवारीला खुलासा आला: खेळाडू फटक्याआधी मागे सरला आणि कॅडी हटल्यावर त्याने नव्याने स्टान्स घेतला, तर पेनल्टी नाही, मग चेंडू मैदानावर कुठेही असो.

म्हणजे कॅडीच्या बाबतीत मागे सरून सुटता येतं, जमिनीवरच्या क्लबच्या बाबतीत नाही. काहींना ही विसंगती वाटते. मला वाटत नाही. माणूस बेसावधपणे चुकीच्या जागी उभा असू शकतो. क्लब आपणहून पायांशी येऊन आडवा होत नाही.

खरी विसंगती आहे ती चेंडूवरच्या रेघेत. ग्रीनवर चेंडू खुणेवरून उचलायचा, पुसायचा आणि परत ठेवताना त्यावरची रेघ होलकडे वळवायची, याला पूर्ण मुभा आहे. चेंडू त्याच जागी आला म्हणजे झालं, तो कोणत्या बाजूला वळलाय याच्याशी नियमाला देणंघेणं नाही. हीसुद्धा दिशा दाखवणारी खूणच, तिला वेगळा न्याय का? मी नियम करणारा असतो तर रेघही बंद केली असती. तूर्त, तीन-तीनदा चेंडू फिरवत बसणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की फटक्यासाठी 40 सेकंदांची शिफारस आहे, आणि मागचा गट फेअरवेवर खोळंबलाय.