साल्हेरवरील गंगासागर : एका दिवसाची चढण

नामपूरच्या पेठेत बसणाऱ्या व्यापाऱ्यास मोसम नदी नित्य परिचयाची असते. परंतु ज्या डोंगरांतून ती येते, ते डोंगर त्याने बहुधा मांगीतुंगीच्या पायऱ्यांवरूनच पाहिलेले असतात. सिद्धक्षेत्राचे वंदन करून आपण परततो आणि पश्चिमेकडील रांगा क्षितिजावर तशाच उभ्या राहतात. त्या रांगांत साल्हेर आहे. उंची १५६७ मीटर. कळसूबाईनंतर महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आणि राज्यातील सर्वांत उंच किल्ला. त्याच्या माथ्याखालील विस्तीर्ण सपाटीवर गंगासागर नावाचा तलाव आहे. एवढ्या उंचीवर पाणी कसे टिकते, हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी मार्गशीर्षातील एका रविवारी आमचे कुटुंब निघाले.

नामपूरहून ताहाराबाद, तेथून मुल्हेर आणि पुढे पायथ्याचे वाघांबे गाव. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा ज्यांच्या घरी नियम आहे, त्यांनी घर पहाटेच सोडावे. चढण्यास तीन-चार तास, उतरण्यास जवळपास तितकेच. मध्यान्हानंतर वर रेंगाळून चालत नाही. जो नियम घरी जिव्हादमनासाठी पाळला जातो, तोच डोंगरावर रक्षण करतो, कारण अंधारात ही वाट कोणासही सोपी नाही.

वाघांब्याहून पहिली चढण साल्हेर आणि त्याचा जोडीदार सालोटा यांमधील खिंडीपर्यंत आहे. पायाखाली घसरडी माती आणि वाळलेले गवत असते. खिंडीत पोहोचल्यावर आमच्या काकांनी काठी टेकली. चाळीस वर्षे कांद्याच्या खरेदीत उभे राहिलेले त्यांचे गुडघे आता पायऱ्या मानत नव्हते. "तुम्ही वर जा. मी येथे सामायिक करतो," एवढेच ते म्हणाले. धाकटा पुतण्या त्यांच्याजवळ थांबला. कोणी आग्रह केला नाही, कोणी हळहळही व्यक्त केली नाही. पर्वतयात्रेत शरीराचा शब्द अखेरचा मानावा, हे लहानांनी तेथे न सांगता शिकून घेतले.

खिंडीच्या पुढे कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या लागतात. दरवाजे ओलांडले की वाट कड्याच्या कडेने जाते. एका बाजूस कोरलेल्या गुहा, दुसऱ्या बाजूस खोल दरी. येथे मुलांचा हात सोडू नये. पुन्हा पायऱ्या, पुन्हा दरवाजे, आणि मग अकस्मात सपाटी उघडते. समोर गंगासागर.

तलाव पाहून मन प्रथम इतिहासाकडे वळते. सुरतेच्या बंदरातून खानदेश आणि दख्खनकडे जाणारा व्यापारी माल बागलाणातून जात असे. म्हणूनच साल्हेर-मुल्हेरवर सत्ता असणे सर्वांना महत्त्वाचे वाटे. १६३८ मध्ये मोगलांनी बागलाण घेतले. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी साल्हेर जिंकला आणि १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांनी मोगल सैन्याचा मोकळ्या मैदानात पराभव केला. त्या युद्धात सूर्यराव काकडे धारातीर्थी पडले. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या १२ मराठा किल्ल्यांत साल्हेरचाही समावेश झाला आहे.

परंतु तट आणि तोफांपूर्वी गडाला पाणी लागते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गड बांधण्याआधी पाण्याचा विचार सांगितलेला आहे. वेढा पडल्यावर खालून घागरही येणार नाही. पावसाळ्यात जे जमा होईल, त्यावरच उरलेले आठ महिने काढायचे. उसनवारीला येथे जागाच नाही. हा हिशेब व्यापाऱ्याच्या मुलास समजावून द्यावा लागत नाही.

काठावर बसून आम्ही बरोबर आणलेली दशमी आणि चटणी खाल्ली. प्यायचे पाणी घरूनच गाळून, उकळून आणले होते. तेथे वहिनींनी मुलांना जिवाणीची रीत समजावून सांगितली : पाणी दुहेरी कापडातून गाळावे आणि गाळण्यावर राहिलेले सूक्ष्म जीव ज्या जलाशयातून पाणी घेतले, त्याच जलाशयात अलगद परत सोडावेत. विहिरी गेल्या, नळ आले, आणि ही रीत अनेक घरांत केवळ ऐकीव राहिली. तलावाच्या काठी तिचा अर्थ उघड होतो. पाणी आपले नाही. त्यात आधीच कोणी राहत आहे. मग त्या पाण्यात साबण लावणे, उष्टे धुणे किंवा प्लास्टिकच्या बाटल्या टाकणे कोणत्या अहिंसेत बसते? काठावर आधी येऊन गेलेल्यांची रिकामी पाकिटे पडली होती. मुलांनी ती वेचून पिशवीत भरली.

तलावापासून शिखरावरील परशुराम मंदिरापर्यंत आणखी एक चढण आहे. तेथून पूर्वेकडे मांगीतुंगीचे जुळे सुळके दिसतात, जवळ सालोटा, पलीकडे मुल्हेर, मोरा आणि हरगड, तर पश्चिमेस गुजरातेतील डांगचे डोंगर. आपण ज्या तीर्थाला नेहमी खालून वर पाहतो, ते येथून एका अखंड पर्वतरांगेचा भाग म्हणून दिसते.

खिंडीत परतलो तेव्हा काकांनी शिखराविषयी काही विचारले नाही. "पाणी किती आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. बरेच आहे, असे सांगताच त्यांनी मान डोलावली. खाली मोसम खोऱ्यात उन्हाळ कांद्याची लागवड सुरू होती. त्याच पावसावर शेतकऱ्याचे पीक आणि आपली दुकाने उभी आहेत.

ज्यांना एवढी चढण झेपणार नाही, त्यांनी मुल्हेरच्या माचीवर जावे. तेथील गणेश मंदिरासमोरचा तलाव आणि मोती तलाव तुलनेने कमी श्रमात पाहता येतात. मात्र दोन्ही गड एकाच दिवशी करण्याचा लोभ धरू नये. पावसाळ्यात कातळ निसरडा असतो, उन्हाळ्यात सावली नसते. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने उत्तम. सोबत स्थानिक वाटाड्या, पुरेसे पाणी आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी अवश्य असावी.