डब्यांची खोली

गेले तीन आठवडे आमच्या वरोरच्या घरात एकच विषय चालू आहे. खालच्या खोलीतल्या "त्या डब्यांचं" काय करायचं? डबे हा आईचा शब्द. माझ्या लेखी तो तीस वर्षं जमवलेला जुन्या व्हिडिओ गेम्सचा संग्रह आहे. नावापासूनच मतभेद, तेव्हा पुढचं समजून घ्या. :)

तर झालं असं की आईचे गुडघे आता जिना चढायला तयार नाहीत. तिची खोली वर, संडास-बाथरूम मागच्या पडवीत. तिला खाली आणायचं आणि खोलीला लागून बाथरूम काढायचं, तर जागा एकच, डब्यांची. गवंड्याने पाऊण लाख सांगितले. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका संग्राहकाने फोटो बघून सगळ्याचे मिळून बेचाळीस हजार देऊ केले. एवढं सरळ गणित आयुष्यात क्वचित समोर येतं, आणि तरी मी तीन आठवडे घोळ घालतोय.

या संग्रहाची सुरुवात १९९४ च्या दिवाळीतली. बाबा डायमेकर होते. आमच्या चिंचणी-वरोर पट्ट्यात हा धंदा घराघरात. पोलादाच्या ठोकळ्यावर उलटी नक्षी कोरायची, त्यावर पातळ पत्रा ठोकला की दागिन्याची सुलटी नक्षी उठते. तयार डाय घेऊन बाबा झवेरी बाजारात जायचे. तेव्हा डहाणूपर्यंत लोकल नव्हती, ती २०१३ मध्ये आली. वाणगावहून मिळेल ती गाडी पकडायची. त्या दिवाळीत ते परतताना मनीष मार्केटमधून एक खोकं घेऊन आले. आत टीव्हीला जोडायचा गेम, दोन रिमोट, एक बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. (कंट्रोलर, कार्ट्रिज हे शब्द आम्हाला फार उशिरा कळले. आमच्यासाठी ते रिमोट आणि कॅसेटच.)

कॅसेटवर लिहिलं होतं ९९९९ इन १. प्रत्यक्षात गेम पंधरा-वीस, तेच नावं बदलून फिरत राहायचे. यंत्रसुद्धा नक्कलच. जपानमध्ये निन्टेंडोने १९८३ मध्ये फॅमिकॉम काढला, त्याच्या असल्या नकला नव्वदीत आपल्याकडे घरोघरी होत्या. आम्हाला काय त्याचं! कॉन्ट्रामध्ये तीस लाइफ मिळवायची युक्ती, वर वर खाली खाली डावी उजवी डावी उजवी बी ए, वरोरच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होती. इंटरनेट नाही, मासिक नाही, ती आमच्यापर्यंत पोचली कशी हे मला आजही कोडं आहे. ती मुळात रचली काझुहिसा हाशिमोतो यांनी, १९८६ च्या ग्रेडियससाठी, कारण तो गेम तपासताना त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता. २०२० मध्ये ते गेल्याची बातमी वाचली तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं होतं.

पुढे बोईसरला नोकरी लागली आणि माझं वेड वाढलं. सेगा, गेमबॉय, दोन प्लेस्टेशन, शंभरेक कॅसेटी आणि सीड्या. लग्न झालं, खोकी वाढली.

परवा देण्याआधी पुसून ठेवू म्हणून एकेक कॅसेट उघडली आणि चरकलो. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढलाय. लहानपणी कॅसेट चालली नाही की आम्ही फुंकर मारायचो, त्या ओलाव्यानेही पट्ट्या गंजतात हे नंतर कळलं. गेमबॉयच्या पोकेमॉन कॅसेटमध्ये नाण्याएवढी बॅटरी असते, तिच्या जोरावर खेळ साठवलेला राहतो. ती संपली आणि कॉलेजच्या वर्षांतला माझा सगळा खेळ पुसला गेला. बंदुकीची आणखीच गंमत. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि नळीतला डोळा तो उजेड टिपतो. हे जुन्या काचेच्या टीव्हीवरच जमतं. नव्या सपाट टीव्हीवर उजेड किंचित उशिरा पोचतो आणि एकही बदक मरत नाही.

म्हणजे मी हे सगळं सांभाळतोय असं मला वाटत होतं, तेव्हा ते माझ्या खोलीत सावकाश मरत होतं. विकायच्या बाजूने हा मुद्दा मला पैशांपेक्षा मोठा वाटला. पुण्याच्या कोरड्या हवेत, नीट निगा राखणाऱ्या माणसाकडे ते जास्त जगेल.

अडत होतो तो पहिल्या रिमोटपाशी. कॉन्ट्रा खेळून त्याचं ए बटण मी फोडलं होतं. बाबांनी ओरडून झाल्यावर पितळेचं बटण घडवून बसवलं, कडेला बारीक वेलीची नक्षीसुद्धा कोरली. संग्राहक म्हणाला, "सर, तो रिमोट ओरिजिनल नाही, त्याचे पैसे मी धरलेले नाहीत." राग आला, पण त्याचं बरोबर होतं.

मी आईला म्हटलं, "बाबांनी माझ्यासाठी आणलेली वस्तू गं."

ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुझ्यासाठी कुठे? स्वतःसाठी आणलेलं त्यांनी. तुम्ही झोपलात की आवाज बंद करून खेळत बसायचे. कधी मीपण."

तीस वर्षं हे मला कोणी सांगितलं नव्हतं!

गावात हल्ली असंही काय राहणार आणि काय जाणार, हाच विषय असतो. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाल्यापासून तर जास्तच. त्यापुढे माझी खोकी म्हणजे किस झाड की पत्ती. पण निदान हा एक निर्णय माझ्या हातात होता.

घेतला. रविवारी पुण्याची गाडी येतेय. सगळं जाणार, फक्त मनीष मार्केटचं खोकं आणि काचेचा टीव्ही राहणार. टीव्ही वगळल्यावर चाळीस हजार ठरले. उरलेले पैसे दिवाळीच्या बोनसमधून. टीव्हीला आई नको म्हणेल असं वाटलं होतं, तर म्हणाली, "राहू दे माझ्या खोलीत. बाथरूममध्ये थोडाच ठेवायचाय?"

असो. एकच अडचण आहे, खोक्याचा नऊ व्होल्टचा अडॅप्टर जळलाय. मामा, हे वाचत असशील तर तुझ्या माळ्यावर एकदा बघ.