पडदा आणि जाळी

पावसाळा सरत आला की धर्मग्रामातील आजारी आणि वयोवृद्ध भाविकांच्या घरी ख्रिस्तशरीर घेऊन जाण्याचा आमचा फेरा थोडा लांबतो. २०२४ च्या सप्टेंबरातील अशाच एका संध्याकाळी आम्ही सात घरे केली. सातही घरांत दूरचित्रवाणी संच चालू होता आणि सातही घरांत एकच शिष्टाचार पाळला गेला. फादर आत आले म्हणून संच बंद झाला नाही, केवळ त्याचा आवाज बंद झाला. आम्ही प्रार्थना म्हणत होतो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात मूक चित्रे हलत होती. पहिल्या घरी भरजरी साडीतील एक सासू सुनेकडे रोखून पाहत होती. दुसऱ्या घरी गाण्याच्या स्पर्धेतून बाद झालेली एक मुलगी ओठ दाबून हसण्याचा प्रयत्न करीत होती. तिसऱ्या घरी लुगडे नेसलेला एक पुरुष नट पायांत पदर अडकून पडला आणि उठून पुन्हा पडला. चौथ्या घरी 'बिग बॉस' चालू होते.

खोटे कशाला बोलावे? त्या चौथ्या घरी आमच्याकडून प्रार्थनेचे एक वाक्य दोनदा म्हटले गेले. अंथरुणाला खिळलेल्या आजीबाईंच्या ते ध्यानात आले असावे. ख्रिस्तशरीर स्वीकारून झाल्यावर त्या मायेने म्हणाल्या, "बसा की फादर थोडे. आता नॉमिनेशन आहे."

आम्ही बसलो नाही. परंतु बसलो नाही याचे श्रेय आमच्या विरक्तीला नसून उरलेल्या तीन घरांना होते, हेही येथे नमूद करून ठेवतो.

दूरचित्रवाणीवर व्यासपीठावरून कोरडे ओढणे आम्हा धर्मगुरूंना सोपे असते. पण ख्रिस्तसभेने या यंत्राला कधीच सैतानाची पेटी म्हटले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी जे पहिले दोन दस्तऐवज प्रसिद्ध केले, त्यांपैकी एक संपर्कसाधनांविषयीचा होता. त्याही आधी, १९५८ साली, पोप बारावे पायस यांनी असिसीच्या संत क्लारा यांना दूरचित्रवाणीच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केले होते. आजारपणामुळे नाताळच्या मिस्सेला जाऊ न शकलेल्या क्लारा यांना दूरच्या मंदिरातील उपासना आपल्या खोलीत दिसली आणि ऐकू आली, अशी परंपरा आहे. म्हणजे या यंत्राच्या आश्रयदात्या स्वतः अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्या चौथ्या घरातील आजीबाईंच्या हातातील रिमोट पाहून आम्हांला त्यांची आठवण झाली. ज्या बाईकडे दिवसभर बोलायला कोणी नाही, तिने चार माणसे पडद्यावर पाहिली तर तिला दोष कोणी द्यावा? प्रश्न पाहण्याचा नाहीच. काय पाहताना आपले मन कोणत्या बाजूला जाऊन बसते, हा प्रश्न आहे. तो आम्हांला कसा कळला, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आमच्या आळीत पहिला संच यायला आणखी काही वर्षे लागली. लाकडी दारे असलेला तो कृष्णधवल संच एका घरात होता आणि त्याचे प्रेक्षक मात्र बारा घरांतले. रोझरी लवकर आटोपून आम्ही मुले ओटीवर दाटीवाटीने बसत असू. तेथेच आम्हांला चिमणराव आणि गुंड्याभाऊ भेटले. चिं. वि. जोशी यांच्या कथांतील ही जोडी दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी जिवंत केली होती. चिमणराव हा भित्रा, सरळमार्गी, बेत आखून फसणारा गृहस्थ. आम्ही त्याला हसत होतो. पण हसता हसता आमचे वडील आईकडे चोरून पाहत आणि आईही पदराआड हसे, कारण गेल्याच आठवड्यात कौलांच्या दुरुस्तीत आमच्या घरी तसाच गोंधळ झाला होता. तो विनोद प्रेक्षकाला स्वतःची ओळख पटवून देत असे. आणि नट? तो भूमिकेच्या आड सुरक्षित होता. फजिती चिमणरावांची होत होती, प्रभावळकरांची नव्हे.

पुढे १९८४ साली 'ये जो है जिंदगी' आली. तीत सतीश शाह दर भागात निराळे सोंग घेऊन येत आणि आज ते कोण होणार याचीच आम्हांला उत्सुकता असे. त्याच वर्षी 'हम लोग' सुरू झाली. तिच्या प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार पडद्यावर येऊन दोन हिताच्या गोष्टी सांगत. प्रवचन दोन मिनिटांत आटोपता येते, हे आम्ही त्यांच्यापासूनच शिकावयास हवे होते. १९८७ साली रविवारी सकाळी साडेनऊला 'रामायण' सुरू झाले आणि रस्ते ओस पडू लागले. आम्ही तेव्हा सेमिनरीत नवखे होतो. रविवारच्या मिस्सेनंतर भाविक गप्पांना न थांबता घराकडे धावतात, ही तक्रार त्या वेळी आम्ही प्रथम ऐकली.

१९९२ साली 'झी' आणि १९९९ साली 'अल्फा मराठी' आल्यावर दार सताड उघडले. मालिका रोजची झाली. २००१ साली सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' तीन हजारांहून अधिक भाग चालली. तिच्या प्रारंभी बाप्तिस्मा दिलेले मूल ती संपेपर्यंत शाळेत पाचवी-सहावीच्या वर्गात गेले असेल. तरीही मालिकेतील सासू म्हणजे नटीच. तिचा दुष्टावा सायंकाळी पोशाखाबरोबर उतरवून ठेवता येतो.

खरा बदल झाला तो नटाच्या जागी साधा माणूस आला तेव्हा. हा बदल सरसकट वाईट म्हणता येणार नाही. २००० साली 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले, तेव्हा लहान गावातील शिक्षक अमिताभ बच्चन यांच्यासमोर बसून आपल्या ज्ञानाच्या बळावर मान मिळवताना देशाने पाहिला. २००४ साली सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर'मध्ये आदेश बांदेकर 'भावोजी' होऊन घरी येत आणि जन्मभर स्वयंपाकघरात राबलेल्या बाईला तिचे नाव, तिचे माहेर, तिची आवड विचारीत. पैठणी एकीलाच मिळे, परंतु त्या दिवशी घरातील पुरुष बाईचे बोलणे ऐकत बसत. २००८-०९ च्या 'लिटिल चॅम्प्स'मध्ये कार्तिकी गायकवाड आणि तिच्या सोबत्यांनी नाट्यसंगीत, अभंग आणि भावगीते आमच्या आळीतील मुलांच्या ओठांवर आणली. आमच्या गायनमंडळात त्या वर्षी अचानक नऊ मुले वाढली, हे आम्ही कृतज्ञतेने सांगतो. मात्र त्याच कार्यक्रमप्रकाराने प्रेक्षकांच्या मतांवर मूल बाद करण्याची आणि बाद झालेल्या मुलाच्या डोळ्यांवर कॅमेरा स्थिर करण्याची रीतही रुजवली.

त्या रीतीची परिसीमा 'बिग बॉस'मध्ये झाली. मूळ कार्यक्रम 'बिग ब्रदर' १९९९ साली नेदरलँड्समध्ये सुरू झाला. सर्वांवर नजर ठेवणाऱ्या सत्तेचे ते नाव जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' या कादंबरीतून आले आहे. लेखकाने जे भय म्हणून लिहिले, ते पन्नास वर्षांनी करमणूक म्हणून विकले गेले. हिंदीत तो २००६ साली आणि मराठीत २०१८ साली आला. अनोळखी माणसांना एका घरात कोंडायचे, जागोजागी कॅमेरे बसवायचे, आणि चोवीस तासांतील तास-सव्वा तास निवडून दाखवायचा. जो कोणी शांतपणे भांडी घासतो, तो त्या निवडीत टिकत नाही. जो ओरडतो, तो टिकतो. याला 'रिअ‍ॅलिटी' म्हणतात. आणि या घराचा स्वामी कधी दिसत नाही, केवळ त्याचा आवाज ऐकू येतो.

त्या घरात एक खोली आहे. तिला 'कन्फेशन रूम' म्हणतात. हा शब्द आमच्या घरातून उचललेला असल्यामुळे तो ऐकून आम्ही चमकलो. जवळजवळ तीन दशके आम्ही लाकडी जाळीच्या अलीकडे बसत आलो आहोत. जाळीपलीकडचा माणूस आपले स्वतःचे पाप सांगतो. शेजाऱ्याचे सांगू लागला तर आम्ही त्याला हळूच थांबवतो. पडद्यावरच्या त्या खोलीत मात्र माणूस दुसऱ्याचेच दोष सांगण्यासाठी जातो. जाळीशी बोललेला शब्द धर्मगुरूबरोबर त्याच्या कबरीत जातो, त्या खोलीतला शब्द रात्री लक्षावधी घरांत पोहोचतो. आणि सर्वांत मोठा भेद शेवटी आहे. जाळीपाशी माणसाला घरात परत घेतले जाते. तेथे त्याला घराबाहेर काढण्यासाठीच सारा खटाटोप असतो.

हे विवेचन वाचून 'फादर छान बोलले' असे कोणी म्हणेल. म्हणून पुढची हकीकत सांगणे आम्हांला भाग आहे.

त्याच वर्षीच्या नाताळच्या आठवड्यात आमच्या युवक मंडळाने सभागृहात करमणुकीचा कार्यक्रम ठेवला. त्यात 'धर्मग्रामाचा बिग बॉस' असा एक भाग होता. दहा तरुण-तरुणी मंचावर बसणार, प्रेक्षक चिठ्ठ्यांवर नाव आणि कारण लिहून देणार, आणि ज्याच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त तो बाद. मुले परवानगी मागायला आली. आम्ही दिली. त्यांनी आणखी एक विनंती केली, "फादर, बिग बॉसचा आवाज तुम्हीच द्या. तुमच्या आवाजाला भारदस्तपणा आहे." प्रशंसेचा मोह धर्मगुरूंनाही होतो. आम्ही ध्वनिक्षेपक घेऊन पडद्यामागे बसलो.

पहिल्या काही चिठ्ठ्या निरुपद्रवी होत्या. कोणी मिस्सेला उशिरा येतो, कोणी वर्गणी बुडवतो. सभागृह हसत होते आणि त्या हास्याने आमचा आवाजही रंगात येत होता. मग एका मुलाच्या नावाची चिठ्ठी आली. हा मुलगा बोलताना किंचित अडखळतो. तरीही वर्षभर सराव करून तो रविवारी शास्त्रवाचन करू लागला होता. चिठ्ठीत लिहिले होते की हा वाचायला उभा राहिला की घरी दुपारचे जेवण गार होते. आमचे डोळे त्या ओळीवरून आधी फिरले होते. थांबण्यास एक क्षण मिळाला होता. आम्ही थांबलो नाही. उलट 'गार' या शब्दापूर्वी एक विराम घेतला, नट घेतो तसा. सभागृह हास्यात बुडाले. पडद्याच्या फटीतून आम्हांला दिसले की तो मुलगाही हसत आहे, आणि आमचे समाधान झाले.

पुढच्या रविवारी वाचकांच्या यादीत त्याचे नाव होते. तो आला नाही. त्यानंतरही सात रविवार आला नाही. शेवटी त्याची आई मिस्सेनंतर भेटली. तिने तक्रार केली नाही, फक्त विचारले, "फादर, त्याचे नाव यादीतून काढाल का? दर रविवारी ते बघून त्याला वाईट वाटते." आम्ही त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्या घरी संच बंद होता. आम्ही क्षमा मागितली आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याला शोधून समज देऊ असेही म्हणालो. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याच्या नेहमीच्या संथ लयीत म्हणाला, "चिठ्ठी कोणी लिहिली ते मला नकोच कळायला, फादर. कोणीही लिहिली असती. पण आवाज तुमचा होता."

आम्ही अनेक प्रवचने दिली आहेत, पण एवढे थोडक्यात आणि एवढे खरे प्रवचन आम्हांला कधी जमलेले नाही.

परत येताना आम्हांला मंदिराच्या अंगणात उभी केलेली शुभवर्तमानातील ती स्त्री आठवली. जमाव होता, आरोप होता, निकाल हवा होता, आणि प्रत्येकाच्या हातात आपले मत दगडाच्या रूपाने तयार होते. त्या वेळी प्रभूने प्रथम काय केले? तो खाली वाकला आणि जमिनीवर बोटाने लिहू लागला. त्याने काय लिहिले यावर विद्वानांनी पुष्कळ तर्क केले आहेत. आम्हांला त्या संध्याकाळी एवढेच जाणवले की सारे जण तिच्याकडे पाहत असताना त्याने आपली नजर खाली वळवली. तिचा तमाशा होऊ नये म्हणून एक माणूस तरी पाहिनासा झाला.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ च्या संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात कुटुंबांना सांगितले होते की चांगले पाहण्याची सवय लावणे म्हणजे कधीकधी संच सरळ बंद करणे. आम्ही आमच्या कुटुंबांना त्याहून लहानसे काही सुचवतो. हास्यजत्रा जरूर पाहा, मनमुराद हसा. पोट धरून हसणारे घर हे आशीर्वादित घर असते. पण हसू फुटल्यावर एकदा मुलांना विचारा, हा जो पडला तो सोंग घेऊन पडला की कोणी ढकलला म्हणून पडला? आपण त्याच्याबरोबर हसलो की त्याच्यावर? काळा रंग, जाड शरीर, अडखळती जीभ यांवरचे विनोद सोंगाच्या आडूनही खऱ्याच माणसाला लागतात. मुलांना उत्तर लवकर सापडते. मोठ्यांना वेळ लागतो, आम्हांला सात रविवार लागले.

तो मुलगा आता मिस्सेला येतो. शेवटच्या बाकावर बसतो. वाचनाला अजून उभा राहिलेला नाही. त्याचे नाव यादीतून काढावे की ठेवावे, हे आम्ही त्यालाच विचारले. तो म्हणाला, "राहू द्या." म्हणून ते दर महिन्याला लिहिले जाते. त्याच्या पाळीच्या रविवारी आम्ही वेदीपाशी बसून थोडा वेळ थांबतो. मग दुसरा वाचक उठतो. भाविकांना हा विराम का, ते ठाऊक नाही. एखाद्याच्या घरी जेवण गार होत असेल, तर होवो.