हसू येणारी नावे, बोचणारी नावे

व्यापारनाम म्हणजे उत्पादकाने आपला माल इतरांच्या मालाहून वेगळा ओळखला जावा म्हणून त्याला दिलेले नाव. ते जाहिरातीतून लोकांपर्यंत मालाच्या आधी पोहोचते, त्यामुळे ते विचित्र वाटले तर लोकांचा निवाडाही माल हाती पडण्यापूर्वीच सुरू होतो. बाजारशास्त्र या निवाड्याकडे बहुधा विक्रीच्या अंगाने पाहते. पण त्यात समाजाची स्मृती, लाज आणि अभिमान यांचाही मोठा वाटा असतो, आणि तो तपासून पाहण्यासाठी पुण्याच्या बुधवार पेठेसारखी दुसरी जागा क्वचितच सापडेल.

मोगल अमलात मुहियाबाद म्हणून ओळखली गेलेली ही पेठ पेशवाईत वाराच्या नावाने रूढ झाली आणि राज्यकर्त्यांनी दिलेले नाव मागे पडून बुधवारच लोकांच्या तोंडी राहिला. याच पेठेत पासोड्या विठोबाचे देऊळ आहे. पासोडी म्हणजे जाड सुती पांघरूण. देवळाच्या परिसरात पासोड्यांची विक्री होत असे म्हणून विठोबालाही ते विशेषण चिकटले, असे सांगितले जाते. परगावच्या माणसाला हे नाव प्रथम ऐकताना हसू येते. पेठेतल्या माणसाला मात्र त्यात थट्टा जाणवत नाही, कारण ज्यांचा तो रोजचा देव होता त्यांनीच आपल्या रोजच्या व्यवहारातून ते नाव त्याला दिले आहे.

दगडूशेठ हलवाई गणपतीचे उदाहरण याहून बोलके आहे. मिठाईच्या धंद्यात नावारूपाला आलेल्या दगडूशेठ आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलाच्या मृत्यूनंतर दत्त आणि गणपती यांच्या उपासनेत मन घातले आणि पुढे सार्वजनिक उत्सवात त्यांच्या गणपतीला मानाचे स्थान लाभले. ज्या घरात मुले जगत नसत त्या घरात पूर्वी दगडू, धोंडू, केरू अशी नावे मुद्दाम ठेवली जात. अशा नकोशा नावाच्या मुलाकडे काळाचे लक्ष जाणार नाही, अशी त्यामागे समजूत असे. त्या परंपरेतले एक साधे नाव, त्याला जोडलेला धंद्याचा उल्लेख, आणि हे सगळे मिळून आज देशभरातून येणाऱ्या भाविकांच्या ओठी देवाचे नाव म्हणून येते, यात कोणालाही विसंगती वाटत नाही. अपरिचयातून आलेला विचित्रपणा वापराने झिजून जातो, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

परदेशी मालालाही हाच नियम लागू पडतो. जानेवारी 2010 मध्ये अमेरिकेच्या ॲपल कंपनीने आयपॅड जाहीर केला तेव्हा इंग्रजी बोलणाऱ्या जगात त्या नावाची मोठी टिंगल झाली, कारण अनेकांना त्यातील 'पॅड'मुळे मासिक पाळीत वापरायचे पॅड आठवले, आणि नाव ठरवणाऱ्यांत एखादी तरी स्त्री होती का, असा रास्त प्रश्न विचारला गेला. एप्रिलमध्ये विक्री सुरू झाल्यावर 28 दिवसांत 10 लाख आयपॅड खपले. बुधवार पेठेतील तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात आज ते नाव उच्चारताना ना दुकानदार अडखळतो, ना गिऱ्हाईक.

कधी नावात काहीच खोट नसते आणि काळच त्यावर उलटतो. टाटा मोटर्सने आपल्या नव्या छोट्या मोटारीला 'झिका' हे नाव दिले आणि तेवढ्यात दक्षिण अमेरिकेत त्याच उच्चाराच्या विषाणूची साथ पसरली; फेब्रुवारी 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर करताच कंपनीने नाव बदलण्याचे ठरवले आणि त्याच महिन्यात 'टियागो' हे नाव पुढे आले. नवजात बालकांच्या व्यंगाशी ज्या साथीचा संबंध जोडला जात होता तिचे नाव गाडीवर मिरवायचे नाही, हा निर्णय योग्य होता.

संभाजी बिडीचा प्रश्न या सर्वांहून निराळा होता. पुण्याच्या साबळे-वाघिरे कंपनीची ही बिडी कित्येक दशके महाराष्ट्रात विकली जात होती, त्यामुळे वापराने विचित्रपणा झिजत असेल तर हे नाव केव्हाच निर्धोक व्हायला हवे होते. घडले उलटेच. 1689 मध्ये औरंगजेबाने ज्यांना हालहाल करून मारले, त्या छत्रपती संभाजी महाराजांचे नाव तंबाखूच्या मालावर असावे, आणि पुडके रिकामे झाले की ते रस्त्यावर पडून पायदळी यावे, हे जसजशी इतिहासाची जाणीव वाढत गेली तसतसे लोकांना अधिकाधिक असह्य झाले. आंदोलने झाली, उपोषण झाले. 2020 मध्ये कंपनीने नाव बदलण्याचे जाहीर केले आणि पुढे ती 'साबळे बिडी' झाली. कायदा येथे अपुरा पडला, हेही नोंदवले पाहिजे. बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापराला प्रतिबंध करणाऱ्या 1950 च्या अधिनियमाच्या अनुसूचीत, म्हणजे त्याला जोडलेल्या यादीत, छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे, संभाजी महाराजांचे नाही. म्हणून जे काम यादीने करायचे ते लोकमताला करावे लागले. बिडी वळून पोट भरणाऱ्या हजारो स्त्रियांच्या रोजगाराचा मुद्दाही तेव्हा पुढे आला आणि तो खराच होता, परंतु लोकांचा आक्षेप त्यांच्या कामाला नव्हता. वेष्टनावरची अक्षरे बदलली तरी बिडी वळणे चालूच राहिले.

म्हणजे हसू आणणारे नाव रुजते आणि मान दुखावणारे नाव जुने होऊनही बोचत राहते. मात्र हा मान कोणाकोणाचा राखला जातो, हे तपासले तर समाजाचा पक्षपातही उघड होतो. बुधवार पेठेत तुळशीबागेच्या आसपास 'मस्तानी' नावाचे पेय आवडीने प्यायले जाते: दाट मिल्कशेक आणि त्यावर आइस्क्रीमचा गोळा. ज्या स्त्रीचे हे नाव, ती बुंदेलखंडाचा राजा छत्रसाल याची मुलगी मानली जाते. थोरल्या बाजीराव पेशव्यांशी जोडली गेल्यामुळे तिने पुण्यात विरोध आणि कैद सोसली, 1740 मध्ये बाजीरावांच्या पाठोपाठ तिचाही अंत झाला, आणि तिचा मुलगा समशेरबहादूर 1761 मध्ये पानिपतच्या लढाईत मराठ्यांच्या बाजूने लढून जखमी झाला व त्यातच मरण पावला. तिच्या नावाचे पेय झाले, त्याला आंबा, पिस्ता, गुलाब असे स्वाद जोडले गेले, तरी संभाजी बिडीविरुद्ध जसे आंदोलन उभे राहिले तसे येथे उभे राहिले नाही, कारण तिच्या बाजूने बोलणारा संघटित वर्ग या शहरात कधी नव्हता. पेय बंद करावे किंवा त्याचे नाव बदलावे, असे येथे सुचवायचे नाही; पुणेकरांनी ते नाव प्रेमाने जपले आहे. पण ती कोण होती, तिचा मुलगा कोणत्या रणात पडला आणि तिची कबर पुणे जिल्ह्यातच पाबळ येथे आहे, एवढे तरी हे पेय विकणाऱ्या प्रत्येक दुकानाने आपल्या दरफलकाशेजारी चार ओळींत लिहावे.