कोऱ्या पानांचा हिशेब

पारपत्राला ग्रंथ मानावयाचे झाल्यास, ज्याच्याजवळ तो असतो त्याला त्याचे लेखकपद नसते, हे त्याचे पहिले लक्षण म्हणावे लागेल. त्यात लिहितात ते इतर : देणारे शासन, परक्या देशांचे वकील, सीमेवरचे अधिकारी. 1967 च्या पारपत्र अधिनियमानुसार तर ही पुस्तिका केंद्र सरकारच्याच मालकीची असते. भारतीय पारपत्राचा छापील मजकूर हिंदी व इंग्रजीत आणि धारकाचे नाव रोमन लिपीत. मी स्वाक्षरी देवनागरीत करते. त्या 36 पानांत मराठीने मिळवलेली जागा एवढीच.

पारपत्राला आजचे पुस्तकरूप आले ते पहिल्या महायुद्धानंतर. 1920 साली राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेने 32 पानांचा नमुना सुचवला व मजकूर किमान दोन भाषांत असावा, त्यांपैकी एक फ्रेंच, असे ठरवले. 1914 पूर्वी आपण पारपत्रावाचून हिंदुस्थान व अमेरिका पाहून आलो, असे स्टेफान त्स्वाइगने आत्मचरित्रात नमूद केले आहे. तौलनिक साहित्याचे आम्ही अभ्यासक अशा निर्वासितांचे लेखन आस्थेने वाचतो. परंतु निर्वासन, सीमा, परात्मता या मोठ्या शब्दांच्या सावलीत पानांचा व मुदतीचा साधा हिशेब आमच्या समीक्षेत सहसा येत नाही.

जर्मनीत अभ्यागत प्राध्यापक म्हणून राहू लागल्यावर हा हिशेब मला स्वतःला मांडावा लागला. चिकटवलेला प्रवेशपरवाना, म्हणजे व्हिसा, बहुधा एक अख्खे पान व्यापतो. शेंगेन राष्ट्रांचा व्हिसा मागणाऱ्याच्या पारपत्रात किमान दोन पाने कोरी असावी लागतात; शिवाय परतीच्या तारखेनंतर तीन महिने ते वैध असावे लागते. जर्मनीतील निवासपरवान्याची मुदतही सामान्यतः पारपत्राच्या मुदतीपलीकडे जात नाही. भारतीय पारपत्राला आता जादा पाने जोडून मिळत नाहीत. दहा वर्षे सरली काय किंवा पाने संपली काय, नवीनच घ्यावे लागते. फार तर 60 पानांचे मागता येते.

माझे पारपत्र नूतनीकरणासाठी जमा असताना सांगलीस आई रुग्णालयात होती. दूतावासाकडून मिळणाऱ्या आपत्कालीन प्रमाणपत्रावर भारतात जाता येते. परंतु ते एकाच दिशेच्या प्रवासापुरते असते. आईकडे जावे, तर वर्गाकडे केव्हा परतता येईल हे सांगता येत नव्हते. त्या तीन आठवड्यांत रोज संध्याकाळी दूरध्वनीवर तिचा आवाज ऐकत असे. ‘तू कधी येतेस’ असे तिने एकदाही विचारले नाही. तिच्या या न विचारण्याचा अर्थ मला कळत होता, आणि तोच सर्वांत जड होता. पुढे ती बरी होऊन घरी आली.

नवे पारपत्र हाती आले, सोबत कोपरा कापलेले जुनेही. जुन्यातील मुदत न संपलेला एखादा व्हिसा वैध राहतो, म्हणून प्रवासात दोन्ही बाळगावी लागतात. याला दुसरी आवृत्ती म्हणवत नाही. आवृत्तीत पूर्वीचा मजकूर उतरतो. येथे अखेरच्या पानावर जुन्याचा क्रमांक, दिनांक व स्थळ एवढेच उतरते. केलेले प्रवास उतरत नाहीत.

तथापि पाने संपण्याची चिंता ही मुळात सुस्थितांची चिंता आहे. 1983 च्या उत्प्रवासन अधिनियमाखालील व्यवस्थेत, दहावी न झालेल्या कामगाराच्या पारपत्रावर सामान्यतः उत्प्रवास-तपासणी आवश्यक असल्याची नोंद होते. आखातासारख्या ठरावीक देशांत नोकरीस जाताना त्याला वेगळी अनुमती घ्यावी लागते. ज्याला सही येत नाही तो अंगठा उठवतो. माझ्या देवनागरी ओळीच्या जागी त्याचा ठसा असतो. आखातात पोहोचल्यावर, तेथील अनेक देशांच्या कायद्यांत मनाई असूनही, कित्येकांची पारपत्रे मालकाच्या कपाटात जातात. परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात 1967 साली मान्य केले. पारपत्र काढून घेण्याची पद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे, हे तत्त्व 1978 साली मेनका गांधी खटल्यात प्रस्थापित झाले. दोन्ही निर्णय आपल्या शासनास बांधतात. परक्या मुलखातील त्या कपाटाची किल्ली त्यांच्या हाती नाही.

त्या कामगाराच्या पारपत्रात कोरी पाने भरपूर असतात. त्याचीही आई कुठेतरी आजारी असते, आणि परतण्याविषयी त्याला न विचारण्याचे तीही शिकलेली असते. भारतीय भाषांतील प्रवासवर्णने, पत्रे व आत्मकथने अभ्यासताना लेखक कोठे गेला हे आपण पाहतोच. त्याचे पारपत्र त्या वेळी कोणाच्या ताब्यात होते, हेही विचारले पाहिजे. ज्यांनी काहीच लिहिले नाही, त्यांच्या मौनाचे एक कारण तेथे सापडण्याचा संभव आहे.