वांद्र्यात कोणी ना कोणी ‘बंप’ होतंच!

वांद्र्याला निघताना एक गोष्ट गृहीत धरायची. ज्याला भेटायला निघालोय तो वेळेवर येईल याची गॅरंटी नाही. पण जो ध्यानीमनीही नव्हता असा एक तरी चेहरा रस्त्यात हमखास समोर येणार! मग घरी पोचल्या पोचल्या पहिला फोन... ‘अगं, आज हिल रोडवर मला कोण बंप झालं माहितीये?’

हे ‘बंप होणं’ म्हणजे खास आपलं प्रॉडक्शन. मूळ इंग्रजी क्रियापद ‘बम्प इन्टू’. शब्दशः घेतलं तर कोणाच्या तरी अंगावर जाऊन आदळणं. कॉलेजात वाढदिवसाला मिळायचे ते ‘बर्थडे बम्प्स’ही याच खानदानातले. त्याचा सख्खा भाऊ ‘रन इन्टू’. हा माणसाला चालतो, अडचणीला चालतो आणि पुढच्या गाडीला ठोकलं तरी चालतो. (तेव्हा ‘काल बॉसला रन इन्टू झालो’ हे जरा जपूनच सांगा!) तिसरा ‘कम अक्रॉस’. तो जास्त करून वस्तूंसाठी, म्हणजे रद्दीत सापडलेलं पुस्तक किंवा कपाटातला जुना फोटो. तिघांची अट मात्र एकच: आधी काही ठरलेलं नसलं पाहिजे. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण मेसेज टाकते, ‘शुक्रवारी सात वाजता कार्टर रोडला बंप होऊ या.’ व्याकरण एकदम फिट, पण अर्थाचा पार निकाल! वेळ ठरली की ती मीटिंग झाली, बॉस.

आणि गंमत बघा. इंग्रज म्हणतो, ‘मी तिला धडकलो.’ म्हणजे जे केलं ते त्यानं. आपण म्हणतो, ‘ती मला भेटली.’ शब्द इंग्रजी घेतला, तरी ‘ती मला बंप झाली’ असं म्हणून आपण त्याला मराठी वळण लावलंच. आपण कोणाला धडकत नाही, माणसं आपल्याला ‘होतात’.

मग मराठीत याला शब्दच नाही की काय? आहेत की, ढीगभर! पण ते सगळे माणूस समोर आल्यावर तोंडातून निघतात. ‘तू इकडे कुठे?’, ‘आज वाट चुकलास वाटतं!’, ‘शंभर वर्षं आयुष्य आहे तुला, आत्ताच नाव काढलं.’ न सांगता आलेले पाहुणे आपल्याकडे ‘येऊन धडकतात’ किंवा ‘टपकतात’. नकोसा माणूस ‘आडवा येतो’. आणि सगळ्यात सुंदर शब्द म्हणजे ‘गाठ पडणं’. दोन धागे आपापल्या वाटेनं जात होते, मध्येच अडकले... गाठ पडली.

आता प्रश्न असा, की या गाठी वांद्र्यातच एवढ्या का पडतात? उत्तर नकाशात आहे. पश्चिम उपनगरातून येणाऱ्या रिक्षाची हद्द इथं संपते. पुढे माहीमकडे जायचं तर लोकल, बस नाहीतर टॅक्सी. वेस्टर्न आणि हार्बर दोन्ही लाइनी या स्टेशनात शेजारी शेजारी उभ्या राहतात. पूर्वेला बाहेर पडलात तर कोर्ट, कलेक्टर ऑफिस, म्हाडा आणि अख्खं बीकेसी. पश्चिमेला हिल रोड आणि लिंकिंग रोडची खरेदी. म्हणजे कामाला आलेला आणि टाइमपासला आलेला, दोघंही एकाच जिन्यावर! 2008 साली मुंबईतला पहिला स्कायवॉक इथंच झाला, तेव्हा तर कमालच झाली होती. समोरून जुना बॉस येताना दिसला तरी कुठल्या गल्लीत सटकायची सोय नाही.

सप्टेंबरात यावर कळस चढतो. 8 सप्टेंबरला माउंट मेरीचा सण आणि त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा. कोळी मंडळी या देवीला मोतमावली म्हणतात. दंतकथा अशी, की एका कोळ्याला स्वप्न पडलं आणि मग समुद्रात मूर्ती सापडली. (स्वप्नात आधीच कळलं होतं म्हणजे ते ‘कम अक्रॉस’ धरायचं की नाही, हे व्याकरणवाल्यांनी ठरवावं!) त्या गर्दीत मेणाचे हात, पाय, घरं विकणाऱ्या स्टॉलपाशी तुमची शाळा, तुमचं ऑफिस आणि तुमची सोसायटी एकाच वेळी उभी असते.

पूर्वेला साहित्य सहवासची गंमत आणखी वेगळी. ही लेखकांची कॉलनी. विंदा करंदीकर इथं राहायचे, कवी रमेश तेंडुलकर इथं राहायचे. त्याच कॉलनीत बॅट घेऊन फिरणारा त्यांचा धाकटा मुलगा म्हणजे आपला सचिन! खाली भाजी आणायला उतरलात तर कोण समोर येईल याचा नेम नव्हता.

आता या नकाशाची दुसरी बाजू. 1845मध्ये लेडी जमशेटजींच्या देणगीतून माहीमचा कॉजवे झाला. त्याआधी खाडी ओलांडायची तर होडी. कॉजवेवर पायी माणसं, बैलगाड्या, पुढे बस, सगळे एकमेकांशेजारून गेले. 30 जून 2009ला सी लिंकचं उद्घाटन झालं. सुमारे साडेपाच किलोमीटर, सुस्साट! पण त्यावर पायी चालायला बंदी, रिक्षाला बंदी, बाइकलाही बंदी. सी लिंकवर कोणी कोणाला भेटत नाही. तिथं ‘बम्प’ झालाच तर थेट इन्शुरन्सवाल्यालाच फोन! वेळ वाचला हे खरं. पण तो वेळ नेमका कशातून वाचला, याचाही हिशोब कधीतरी करायला हवा.

‘मला नेटवर्किंगला वेळ नाही’ म्हणणाऱ्यांसाठी एक भारी आकडा. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा 1973 सालचा एक गाजलेला निबंध आहे. बॉस्टनजवळच्या न्यूटनमधल्या, ओळखीतून नोकरी मिळालेल्या काही लोकांना त्यांनी विचारलं, की ज्याच्याकडून नोकरीचं कळलं तो तुम्हाला कितीदा भेटायचा? ‘नेहमी’ म्हणणारे शंभरात जेमतेम 17. ‘अधूनमधून’ 56 आणि ‘क्वचित’ 28. म्हणजे जिवलग दोस्तांपेक्षा नुसत्या ओळखीचेच जास्त कामाला आले! कारण साधं आहे. जिवलगांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊकच असतं. आणि अशा विस्मरणात गेलेल्या ओळखी पुन्हा जाग्या व्हायला बऱ्याचदा कारण काय होतं? कुठेतरी झालेली अचानक भेट, नाहीतर दोघांचा कॉमन मित्र.

पण नोकरीचं सोडा. मला वाटतं, खरी गंमत त्याच्याही पुढची आहे. काही वर्षांपूर्वी पाली नाक्याजवळ एक जुना सहकारी असाच समोर आला. भर दुपारी, वर्किंग डेला. फोनवर विचारलं असतं तर ‘मस्त चाललंय’ म्हणाला असता. प्रोफाइलवर अजून जुनंच डेझिग्नेशन होतं. रस्त्यात मात्र चेहरा आवरायला वेळच मिळाला नाही. ‘इकडे कुठे?’ या दोन शब्दांवर तो थांबला, हसायला गेला आणि म्हणाला, ‘तीन महिने झाले घरीच आहे रे.’ घरच्यांना त्यानं अजून सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचा आणि संध्याकाळपर्यंत वांद्र्यात फिरायचा. दोन कटिंग संपेपर्यंत आम्ही फुटपाथवर उभे होतो. त्याला मी नोकरी दिली नाही, माझ्याकडे नव्हतीच. पण त्या रात्री त्यानं बायकोला सांगितलं, हे त्यानंच नंतर कळवलं.

ठरवून केलेल्या भेटीला माणूस तयारी करून येतो. इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीचं हसू. अचानक गाठ पडते तेव्हा समोर येतो तो बिनइस्त्रीचा. हल्ली लोकेशन शेअर होतं, कॅलेंडरवर स्लॉट ब्लॉक होतात, कानात इअरफोन असतात. भेटी वाढल्या, गाठी मात्र कमी झाल्या.

तेव्हा या शुक्रवारी बीकेसीतून सुटलात की स्टेशनचा पूल ओलांडा आणि रिक्षाच्या रांगेकडे न वळता हिल रोडनं चालत निघा. कान मोकळे ठेवा. कोणी समोर आलंच तर ‘नंतर पिंग करतो’ म्हणून सटकू नका. चहाची टपरी बाजूलाच असते!