घर घेऊन फिरायला!

हॉटेलचं बुकिंग नाही, चेक-आउटची घाई नाही. बेड, गॅस, फ्रिज, टॉयलेट सगळं गाडीतच. घरच बरोबर घ्यायचं आणि सुटायचं! आयडिया माझ्या ताईची. ती एडिनबर्गला असते. जूनमध्ये मी तिच्याकडे गेले आणि तिसऱ्याच दिवशी आम्ही दोघी इन्व्हर्नेसहून एक मोटरहोम भाड्याने घेऊन स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडे निघालो.

नॉर्थ कोस्ट ५०० हा रूट २०१५ साली सुरू झाला. ५१६ मैल, म्हणजे साधारण ८३० किलोमीटर. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे सोपं वाटतं. पण पुढे रस्ता एकेरी होतो, आणि समोरून दूधवाल्याचा ट्रक आला की फे फे उडते. दर थोड्या अंतरावर 'पासिंग प्लेस' असते. तिथे थांबून समोरच्याला वाट द्यायची. मागे कोणी खोळंबलं असेल तर त्यालाही पुढे सोडायचं. मग समोरचा हात वर करून थँक्यू म्हणतो. आपल्या घाटात असं झालं तर!

अ‍ॅपलक्रॉसला जाणारा बेआलाख ना बा हा घाट समुद्रसपाटीपासून थेट ६२६ मीटरवर चढतो. मला तो करायचाच होता. पायथ्याशी बोर्ड : मोठ्या गाड्यांनी आणि कॅरॅव्हॅननी जाऊ नये. ताईने गुपचूप गाडी वळवली आणि शील्डेगवरून किनाऱ्याचा लांबचा रस्ता धरला. मी तासभर फुगून बसले. पण मोटरहोममध्ये रुसून जाणार कुठे? दुसरी खोलीच नसते ना!

आणि खरं सांगायचं तर रुसवा घाटाचा नव्हताच. राजापूरजवळच्या आमच्या घराला गिऱ्हाईक आलं होतं. आई गेल्यापासून ते बंदच आहे. कागदांवर ताईची सही हवी होती, आणि ते कागद माझ्या बॅगेत होते. पाच दिवस आम्ही कॉफी, डोंगर, फोटो सगळ्यांवर बोललो. फक्त त्यावर नाही.

डर्नेसला रात्री दहा वाजता लख्ख उजेड होता. बाहेर खुर्च्या टाकल्या तर मिजेस नावाच्या चिलटांनी आम्हाला फोडून काढलं. पळत आत! मॅगी केली, पत्ते काढले. विषय तरीही निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी बेटीहिलवरून आत वळून स्ट्राथनेव्हरच्या खोऱ्यात गेलो. तिथे रोझल नावाचं गाव होतं. 'होतं' म्हणजे, आता फक्त गवतात बुडालेली दगडी जोती आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमीनदारांनी मेंढ्यांसाठी या खोऱ्यातली माणसं हुसकावली. १८१४ साली इथल्या घरांना आगी लावल्या गेल्या. दोनशे वर्षं झाली, तरी उंबरा कुठे असेल ते दगडांवरून कळतं.

ताई एका जोत्यावर बसली. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ''यांना हाकललं गं. आपल्याला कोणी हाकललं?''

मला उत्तर सुचलं नाही. संध्याकाळी मीच कागद बाहेर काढले. ती म्हणाली, वाडी ओसाड ठेवण्यापेक्षा कोणी राहिलेलं बरं. मी म्हटलं, मग विकू. ती म्हणाली, एकदा राहून तरी बघू. रात्री दोनपर्यंत भांडलो, रडलो, चहा प्यायलो. सही झाली नाही. येत्या मे महिन्यात ती पंधरा दिवस राजापूरला येणार आहे. छपराची कौलं बदलायची, मग ठरवायचं. गिऱ्हाईक थांबलं तर थांबलं.

जाणार असाल तर : पासिंग प्लेसमध्ये गाडी पार्क करून झोपू नका, स्थानिकांचा याच गोष्टीवर सगळ्यात जास्त राग असतो. टॉयलेटची टाकी कॅम्पसाइटवर ठरलेल्या जागीच रिकामी करा. ते काम ग्लॅमरस नाही, पाळी लावून घ्या! आणि सोबतीला अशाच माणसाला न्या, ज्याच्याशी एखादा विषय बोलायचा राहून गेलाय.